तीनदा सोडली, तीनदा पुन्हा धरली: चौथ्या वेळी वेगळं काय करायचं?

प्रश्न: माझं वय 38. गेली 16 वर्षं सिगारेट ओढतो, दिवसाला 17-18 होतात. उठल्यावर पंधरा मिनिटांत पहिली लागतेच. आतापर्यंत तीनदा सोडली. पहिल्या दोन वेळी चौथा दिवससुद्धा निघाला नाही. तिसऱ्या वेळी 23 दिवस काढले आणि एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या पार्टीत दोन पेग झाल्यावर एक घेतली. दुसऱ्या दिवशी पाकीट आणलं. मी गोदामात शिफ्टमध्ये काम करतो. मधली सुट्टी झाली की आमचे सगळे सिगारेट ओढायला मागच्या दाराशी जमतात, सुपरवायझरसुद्धा. घरी वडील ओढतात. पत्नी रोज शर्टाचा वास घेते आणि मग भांडण होतं. ती म्हणते माझ्यात जिद्द नाही, आणि आता मलाही तसंच वाटायला लागलंय. सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनला फोन करून अनोळखी माणसाशी काय बोलायचं? आणि निकोटीनचा च्युइंग गम किंवा अंगाला चिकटवायची पट्टी म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरणंच ना?
– एक वाचक

उत्तर: जिद्दीचा मुद्दा आधी बाजूला ठेवू, कारण तुमच्या पत्रात तिची कमतरता कुठेच दिसत नाही. सोळा वर्षं रोज 17-18 सिगारेट ओढणारा माणूस औषधाशिवाय, कुणाच्या मदतीशिवाय 23 दिवस काढतो, त्याला जिद्द नाही असं कसं म्हणायचं? कसलीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात जेमतेम 3 ते 5 असतात. बाकीचे 95 आळशी किंवा कच्च्या मनाचे नसतात. त्यांनी अवघड काम एकट्याने अंगावर घेतलेलं असतं, आणि तेही बहुतेक वेळा ओढणाऱ्यांच्याच घोळक्यात उभं राहून.

तुमचे तीन प्रयत्न एकाच कारणाने फसलेले नाहीत, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिले दोन चौथ्या दिवसाच्या आत तुटले. निकोटीन थांबल्यावर चिडचिड, अस्वस्थपणा, झोपमोड, लक्ष न लागणं, सारखी भूक असा जो त्रास होतो, तो पहिल्या 24 तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे ते दोन प्रयत्न शरीराच्या त्रासामुळे फसले. तिसरा मात्र 23व्या दिवशी तुटला. तोवर शरीर बरंचसं सावरलेलं होतं. तिथे सिगारेट पुढे आली ती दारू, ओळखीचा घोळका आणि 'आज एकच' या तिघांच्या संगतीने. शरीराच्या त्रासावर औषध आहे, पण संगतीवर नाही. तिची व्यवस्था आधीपासून लावावी लागते. तुम्ही दोन्हींवर एकच उपाय केलात, मन घट्ट करण्याचा, आणि तो दोन्हीकडे अपुरा पडला.

सिगारेट सुटणं हे माणसाच्या आजूबाजूच्या माणसांवर किती अवलंबून असतं, ते 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथे 1971 ते 2003 या काळात पाहणी होत राहिलेल्या 12,067 जणांची नाती आणि ओळखी त्यात तपासल्या होत्या. जोडीदाराने सिगारेट सोडली की दुसरा ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी घटत होती. मित्राने सोडली तर 36 टक्क्यांनी, भावाने किंवा बहिणीने सोडली तर 25 टक्क्यांनी. लहान कंपनीत सोबत काम करणाऱ्याने सोडली तर 34 टक्क्यांनी. नुसत्या शेजारी राहणाऱ्यांचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे जवळ असणं पुरत नाही, संबंध असावा लागतो. माणसं बऱ्याचदा गटागटाने सोडतात. आणि गटाने सोडली नाही की एकट्याला ती सोडणं जड जातं. तुमचं तेच झालंय.

म्हणून सुरुवात मागच्या दारापासून करू.

तिथे तुम्हाला फक्त निकोटीन मिळत नाही. पाय मोकळे होतात, थट्टा-मस्करी होते, उद्या कोण कुठे लागणार हे सुपरवायझरच्या तोंडून आधी कळतं. सिगारेट सोडल्यावर तिथे जाणं बंद केलंत की ही सगळी सोय एकदम हातून जाते, आणि आठवड्याभरात 'आपण बाहेर पडलो' असं वाटू लागतं. अनेकांची पुन्हा सुरू होते ती तलफेमुळे नाही, या एकटं पडण्यामुळे. त्यामुळे 'त्यांच्यात जाऊ नका' एवढाच सल्ला अर्धवट आहे. पहिले चार आठवडे मागच्या दाराशी जायचं नाही, हे खरं. पण त्याच माणसांना दुसऱ्या वेळी, दुसऱ्या जागी भेटायचं: शिफ्ट सुरू होण्याआधी दहा मिनिटं, जेवताना, घरी जाताना. सुपरवायझरला स्पष्ट सांगा की तुम्ही सोडताय, म्हणून सुट्टीत मागे येणार नाही आणि कामाचं वाटप तुम्हाला आतच कळायला हवं. जमत असेल तर तुमची सुट्टी महिनाभरासाठी पंधरा-वीस मिनिटं पुढे-मागे करून मागा. ही मागणी छोटी असते आणि कारण सांगितलं की बहुतेक ठिकाणी मान्य होते.

सोडल्याची बातमी कुणाकुणाला सांगायची? आमच्या मते सगळ्यांना नको. गाजावाजा केला की चार दिवसांनी प्रत्येक जण 'काय, टिकली का?' विचारतो आणि त्याचा ताण येतो. तीन माणसं पुरे: एक सुपरवायझर, एक तुम्हाला नेहमी सिगारेट पुढे करणारा आणि एक न ओढणारा, ज्याच्याबरोबर तुम्ही सुट्टी घालवाल. पुढे करणाऱ्याशी बोलणं आधीच उरकून घ्या, ऐन वेळी नको. बोलायचं असं: 'सोमवारपासून मी ओढत नाही. मला देऊ नकोस. मी मागितली तरी देऊ नकोस. मागाहून शिव्या दिल्या तरी चालतील.' आणि कुणी पुढे केलीच, तर 'सोडायचा प्रयत्न चाललाय' असं म्हणू नका, कारण त्यावर 'मग एकाने काय होतंय' हे ठरलेलं उत्तर येतं. 'नको, मी ओढत नाही' एवढंच म्हणा आणि विषय बदला. हे वाक्य घरी मोठ्याने दहादा म्हणून पाहा. तोंडात बसलेलं वाक्य गोंधळाच्या क्षणी आपोआप बाहेर येतं.

त्या घोळक्यात अजून कुणाला सोडायची आहे का, हेही हळूच विचारून बघा. ओढणाऱ्यांत मनातून सोडायची इच्छा असलेले बरेच असतात, पण पहिला विषय कुणी काढत नाही. एक जरी जोडीदार मिळाला तरी सुट्टीचा प्रश्न निम्मा सुटतो.

आता घर. तुमच्या पत्नींचा राग समजण्यासारखा आहे. त्यांनी तीनदा आशा धरली आणि तीनदा ती मोडली. पण शर्टाचा वास घेण्याने एक नुकसान होतं. माणूस सिगारेट सोडायला नाही, लपवायला शिकतो. जोडीदाराच्या वागण्यावर झालेल्या संशोधनात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली आहे: टोमणे, पाळत, उपदेश आणि दुसऱ्या बाजूला कौतुक, धीर, विषय बदलणं यांच्यातलं प्रमाण महत्त्वाचं असतं. नुसता चांगुलपणा वाढवून भागत नाही, टोचणं कमी व्हावं लागतं. जोडीदाराला वेगळं प्रशिक्षण दिल्याने सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं असं मात्र अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही, म्हणून पत्नीवर सगळा भार टाकू नका. त्यांनी तुम्हाला सोडवायचं नाहीये. त्यांनी फक्त वाट मोकळी ठेवायची आहे.

दोघं बसून चार गोष्टी ठरवा आणि शक्यतो लिहून ठेवा. एक, वास घेणं आणि 'आज किती?' विचारणं बंद. त्याऐवजी रोज रात्री तुम्ही स्वतःहून एका वाक्यात सांगायचं. दोन, ओढलीत तर त्याच दिवशी सांगायचं, आणि त्यावर त्यांनी त्या रात्री काहीही बोलायचं नाही. हे त्यांना फार जड जाईल, पण यावर तडजोड करू नका. लपवलेली एक सिगारेट हेल्पलाइनवरच्या समुपदेशकापासूनही लपते, मग औषधाचा डोस चुकीचा ठरतो आणि सगळंच खचतं. तीन, पहिल्या दोन आठवड्यांत तुम्ही चिडचिड कराल. ती सुरू झाली की तुम्ही 'मी जरा चालून येतो' म्हणून उठायचं आणि त्यांनी अडवायचं नाही. मोठे विषय, पैशाचे हिशेब, नातेवाइकांची भांडणं या दोन आठवड्यांत काढायची नाहीत. चार, 'त्यापेक्षा ओढ एकदाची, पण असं वागू नकोस' हे वाक्य कधीही नाही. रागाच्या भरात ते अनेक घरांत निघतं आणि सोडणाऱ्याला तेवढं निमित्त पुरतं.

वडिलांना सोडायला लावण्याची ही वेळ नाही. त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागा: घरात ओढायची नाही, आणि पाकीट, लायटर, ॲशट्रे तुमच्या नजरेला पडेल असं ठेवायचं नाही. खिडकी उघडून किंवा पंखा लावून धूर जात नाही, आणि दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. त्यामुळे 'घरात नाही' म्हणजे बाल्कनीच्या दारातही नाही. ते ऐकत नसतील, तर किमान तुमच्या झोपायच्या खोलीत आणि जेवायच्या जागी नको, एवढ्यावर सुरुवात करा. नातवंडांच्या नावाने मागितलेली गोष्ट आजोबा बऱ्याचदा देतात.

औषधांबद्दल तुम्ही विचारलंय, 'दुसरं व्यसन धरणंच ना?' हा गैरसमज पुष्कळांना औषधापासून लांब ठेवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सिगारेटचा झुरका घेतला की निकोटीन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं. व्यसन लागतं ते या झटक्यामुळे. च्युइंग गममधलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू शोषलं जातं, त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. पट्टीला तर काही तास. झटका नसतो, म्हणून ओढ लागण्याची शक्यता फार कमी असते. पण रक्तात थोडं निकोटीन असतं, म्हणून त्रास कमी होतो. आणि माणसाला मारतो तो धूर: त्यात 7,000 च्या वर रसायनं असतात, त्यांतली सुमारे 70 कर्करोग करणारी. निकोटीनची औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत 2009 पासून आहेत.

तुम्हाला उठल्यावर पंधरा मिनिटांत पहिली लागते, ही माहिती डॉक्टरांना सर्वांत आधी द्या. दिवसाला किती ओढता यापेक्षाही पहिली उठल्यावर किती वेळाने ओढता, यावरून निकोटीनची पकड जास्त नीट कळते. पहिली 30 मिनिटांच्या आत लागत असेल तर 4 मिलिग्रॅमचा गम, नंतर लागत असेल तर 2 मिलिग्रॅमचा, असा साधा नियम आहे. म्हणजे तुम्हाला 4 चा. पट्टी आणि गम एकत्र वापरणं हे एकट्या पट्टीपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा जास्त उपयोगी पडतं. पट्टी दिवसभराचा पाया धरते, गम अचानक आलेल्या तलफेसाठी. दिवसाला 10 पेक्षा जास्त सिगारेट ओढणाऱ्यांसाठी 24 तासांच्या पट्टीचा नेहमीचा क्रम असा: 21 मिलिग्रॅम 6 आठवडे, मग 14 मिलिग्रॅम 2 आठवडे, मग 7 मिलिग्रॅम 2 आठवडे. रोज सकाळी एकाच वेळी नवी पट्टी, दंडावर किंवा छातीवर, स्वच्छ, कोरड्या, केस नसलेल्या जागी. जागा रोज बदलायची, नाहीतर त्वचा लाल होते, खाज येते. विचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढली तरी चालते, फक्त मग सकाळी उठल्या उठल्या गम हाताशी हवा, कारण तुमची सर्वांत कडक तलफ सकाळचीच आहे.

गम बहुतेक लोक चुकीचा चघळतात आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणून फेकून देतात. तो नेहमीच्या च्युइंग गमसारखा चघळायचा नसतो. सावकाश, दहा-पंधरा वेळा चावा. तिखटसर चव किंवा झिणझिणी जाणवली की थांबा आणि तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. मिनिटभराने झिणझिणी गेली की पुन्हा थोडं चावा, आणि या वेळी दुसऱ्या बाजूला ठेवा. एक गम साधारण अर्धा तास चालतो. भराभर चघळलात तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही. फक्त उचकी, मळमळ, छातीत जळजळ. कॉफी, फळांचा रस, शीतपेयं अशा आंबट पदार्थांनी तोंडातलं शोषण कमी होतं, म्हणून गमच्या आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याखेरीज काही नको. दुसरी चूक म्हणजे काटकसर. दिवसभरात दोन गम खाऊन भागत नाही. एकट्या गमवर असाल तर पहिले 6 आठवडे दर एक ते दोन तासांनी एक, दिवसाला किमान 9, जास्तीत जास्त 24. पट्टी सोबत असेल तर कमी लागतात, पण तलफ यायची वाट न पाहता सुट्टीच्या दहा मिनिटं आधी एक तोंडात असू द्या.

दुसरा पर्याय सिगारेटची तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या गोळीचा. ती डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायची असते, आणि सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू होते: पहिले 3 दिवस 0.5 मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी 0.5 दोनदा, आठव्या दिवसापासून 1 मिलिग्रॅम दोनदा, एकूण 12 आठवडे. जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घेतली नाही तर मळमळते, आणि मळमळीमुळेच पुष्कळ जण मध्येच बंद करतात. मनावर वाईट परिणाम होतो अशी एकेकाळी भीती होती. 2016 मध्ये सुमारे 8,000 जणांवरच्या मोठ्या चाचणीत तसा लक्षणीय वाढलेला धोका आढळला नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डोस कमी करावा लागतो. यांतलं काय घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर निकोटीनची औषधंही त्यांना विचारूनच.

आता हेल्पलाइन. अनोळखी माणसाशी बोलण्याचा संकोच खरा आहे, पण त्याच अनोळखीपणाचा फायदाही आहे. त्या माणसाची तुमच्याकडून आशा मोडलेली नसते. पहिला फोन साधारण वीस-तीस मिनिटांचा असतो आणि त्यात उपदेश नसतो, प्रश्न असतात. किती ओढता, पहिली कधी, आधी किती वेळा सोडली, कशामुळे पुन्हा सुरू झाली, घरात आणखी कोण ओढतं, इतर आजार आणि औषधं कोणती, तारीख ठरवली आहे का. तुम्ही आम्हाला लिहिलेलं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलंत तरी पहिला फोन पार पडेल. तंबाखू चघळत असाल, किंवा सिगारेटबरोबर दुसरं काही चालू असेल, तर तेही सांगा. एक सुटल्यावर दुसरं वाढतं आणि निकोटीनचा हिशेब चुकतो.

खरं काम होतं पुढच्या फोनांत. चांगल्या हेल्पलाइन तुमच्या फोनची वाट पाहत नाहीत, ठरलेल्या वेळी स्वतः फोन करतात: तारखेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, दोन आठवड्यांनी, महिन्याने. पुन्हा सुरू होण्याचा धोका जिथे जास्त, तिथे फोन दाट असतात. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा, 'तुम्ही मला परत फोन कराल का, आणि किती वेळा?' तीन किंवा जास्त फोनांची सेवा असेल तरच ती पकडून ठेवा. शिफ्टची वेळ सांगून ठेवा, आणि त्यांचा नंबर मोबाइलमध्ये नावाने साठवा. अनोळखी नंबर म्हणून फोन न उचलणं, हे सेवा हातची जाण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा मागा, आणि आपल्या भाषेत बोलणारा मागा. यात भिडेचं काही नाही. दोन आठवडे चांगले गेले की 'आता गरज नाही' म्हणून फोन घेणं थांबवू नका. तुमचा 23वा दिवस त्याच्या पुढेच होता. बऱ्याच देशांत हा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो आणि फोन फुकट असतो.

प्रत्यक्ष जाऊन भेटायची सोय असेल, म्हणजे रुग्णालयातलं व्यसनमुक्ती केंद्र किंवा गटाची बैठक, तर तीही घ्या. गटात तुम्हाला सोडणाऱ्यांचा नवा घोळका मिळतो, आणि मागच्या दाराची उणीव काही अंशी भरून निघते. केंद्रात श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचं छोटं यंत्र असतं. नियमित ओढणाऱ्याचा आकडा सहसा 10 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 10) वर असतो. सोडल्यावर एक-दोन दिवसांत तो न ओढणाऱ्याइतका खाली येतो. वजन, खोकला, दम यांत फरक पडायला वेळ लागतो, हा आकडा मात्र लगेच पडतो. त्याची चिठ्ठी पत्नींना दाखवा. शर्टाच्या वासापेक्षा तो पुरावा दोघांनाही सोपा जाईल. लघवीतल्या किंवा लाळेतल्या निकोटीनच्या तपासणीचा मात्र पट्टी आणि गम चालू असताना उपयोग नाही, ती तपासणी औषधामुळेही सकारात्मक येते.

तारीख येत्या दोन आठवड्यांतली धरा, त्याहून लांबची नको. डॉक्टर, पहिला फोन, घरातलं बोलणं आणि सुपरवायझर हे सगळं त्याआधी उरकायचं. तारीख तुमच्या साप्ताहिक सुट्टीच्या पहिल्या दिवशी ठेवा आणि तिला एक दिवस रजा जोडा, म्हणजे दुसरा-तिसरा दिवस गोदामात जाणार नाही. हळूहळू कमी करत नेण्यापेक्षा ठरल्या दिवशी एकदम थांबवणारे जास्त टिकतात, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं: चार आठवड्यांनी 49 टक्के विरुद्ध 39 टक्के. आदल्या रात्री घरातली, गाडीतली, कामाच्या कपाटातली प्रत्येक सिगारेट आणि लायटर जाऊ द्या. 'असू दे अडीअडचणीला' म्हणून ठेवलेली एक पहिल्या तीन दिवसांतच संपते.

चहा-कॉफी निम्मी करा. धुरातले काही घटक यकृताला कॅफिन लवकर मोडायला लावतात. धूर थांबला की तेवढीच कॉफी शरीरात जास्त वेळ राहते, हात थरथरतात, झोप उडते, आणि माणसाला वाटतं ही तलफच आहे. दारू पहिला महिनाभर अजिबात नको. निरोपाची पार्टी असेल तर भेटवस्तू देऊन, जेवून, दारू सुरू व्हायच्या आत निघा. कुणी थांबवलं तर घरून फोन आल्याचं निमित्त चालेल. पत्नींना तो फोन करायला आधीच सांगून ठेवा.

आणि तरीही एखादी ओढली गेली तर? तुमच्या तिसऱ्या प्रयत्नात त्या पार्टीतल्या एका सिगारेटने घात केला नाही. दुसऱ्या दिवशी आणलेल्या पाकिटाने केला. एक ओढली गेली की उरलेली तिथेच टाका, पट्टी काढू नका, गम थांबवू नका, त्याच दिवशी हेल्पलाइनला फोन करा आणि रात्री घरी सांगा. तारीख नव्याने धरण्याची गरज नाही. तुम्ही सोडलेलेच आहात, मध्ये एक पाऊल घसरलं एवढंच.

तुम्ही 38 चे आहात, म्हणून एवढं मुद्दाम सांगतो: चाळिशीच्या आत सोडणाऱ्यांचा सिगारेटमुळे वाढलेला मृत्यूचा धोका सुमारे 90 टक्के टळतो. हा फायदा औषधांच्या दुकानात मिळत नाही, आणि तुमच्याकडे त्यासाठी अजून दोन वर्षं आहेत.

इतर काही औषधं चालू आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. इन्सुलिन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, दम्यासाठीचं थिओफिलिन, किंवा ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारखी मानसिक आजारावरची औषधं घेत असाल, तर धूर थांबल्यावर त्यांचा परिणाम बदलतो आणि डोस पुन्हा पाहावा लागतो. अशा वेळी सोडण्याची तारीख त्या औषधांच्या डॉक्टरांना आठवडाभर आधी कळवा.